रंकाळ्यावरून दक्षिणेकडे, सत्तर अंशांवर

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की कोल्हापुरात मोबाइलवर ढगांची उपग्रहचित्रे फिरू लागतात आणि 'उपग्रह आपल्या डोक्यावरच थांबलेला आहे' असे कोणीतरी हमखास सांगतो. यातले 'डोक्यावर' आणि 'थांबलेला' हे दोन्ही शब्द दुरुस्त करायला हवेत.

सप्टेंबर २०१६ मध्ये सोडलेला भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ कोल्हापूरच्याच रेखांशावर आहे. परंतु उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल, म्हणजे ती ज्या सपाट पातळीत असते ती, पृथ्वीच्या केंद्रातून जावेच लागते, त्यामुळे आकाशात एकाच जागी दिसणारी कक्षा फक्त विषुववृत्तावर शक्य होते. रंकाळ्याच्या काठावर दक्षिणेकडे तोंड करून नजर क्षितिजापासून ७० अंश वर नेली, तर त्या दिशेला, मालदीवजवळच्या समुद्रावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो असतो. नुसत्या डोळ्यांना मात्र दिसत नाही.

तो सेकंदाला सुमारे ३.०७ किलोमीटर वेगाने धावतो आणि २३ तास ५६ मिनिटांत, पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात, प्रदक्षिणा पूर्ण करतो. खरी कसोटी पुढेच आहे. सूर्य आणि चंद्र विषुववृत्ताच्या प्रतलात नसल्यामुळे त्यांची ओढ तिरकी पडते आणि कक्षा वर्षाला जवळपास ०.९ अंशाने कलते. एक अंश कललेल्या कक्षेतला उपग्रह दिवसभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे ७३५ किलोमीटर झोके घेतो, आणि त्याच्या कॅमेऱ्याच्या दृश्य प्रकाशातील चित्राचा एक ठिपका तर जमिनीवरच्या जेमतेम एक किलोमीटरचा असतो! म्हणून कलती कक्षा जिथे विषुववृत्ताचे प्रतल छेदते, नेमक्या तिथेच थ्रस्टर (छोटी रॉकेट इंजिने) काटकोनात पेटवून वेगाची दिशा वळवावी लागते, ०.९ अंश वळवायला ३,०७० मीटरच्या वेगाला सेकंदाला सुमारे ४८ मीटरचा आडवा धक्का हवा, आणि तो दरवर्षी हवा. चंद्राचा परिणाम असा मोजता येतो. अमावास्येला हाती घेतलेले काम बिघडते, या समजुतीच्या मागे असे कोणतेही गणित नाही.

पूर्व-पश्चिम दिशेला मात्र निसर्ग या उपग्रहाला अनुकूल आहे. विषुववृत्त किंचित लंबगोल असल्याने उपग्रह रेखांशावरून सरकतात, पण ७५ अंश पूर्वेजवळ एक स्थिर बिंदू, म्हणजे उपग्रह आपोआप टिकून राहतो अशी जागा, आहे आणि ७४ अंश त्याच्या अगदी शेजारी येतो.

थ्रस्टर पेटवण्याचे आदेश कर्नाटकातील हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्रातून दिले जातात. उड्डाणाच्या वेळी उपग्रहाचे वजन २,२११ किलो होते आणि त्यात निम्म्याहून अधिक इंधन होते. त्यातला मोठा भाग अंतिम कक्षेत पोहोचतानाच संपतो आणि उरलेल्यावर पुढची वर्षे काढायची असतात. कॅमेरा उत्तम चालत असला, तरी टाकीत थोडे इंधन शिल्लक असतानाच अशा उपग्रहाला निवृत्त करावे लागते, कारण शेवटच्या धक्क्याने त्याला सुमारे ३०० किलोमीटर आणखी वर नेऊन ही जागा पुढच्या उपग्रहासाठी मोकळी करायची असते.