माती, गादी आणि गदा

महाराष्ट्र केसरी या राज्याच्या कुस्ती स्पर्धेत माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग असतात, पण दोन्हीकडचे विजेते किताबाच्या गदेसाठी भिडतात ते गादीवरच. हा नियम दरवर्षी नव्याने वादात सापडतो. वाद निकालाचा वाटला, तरी त्यामागे पैलवानाचं शरीर घडवण्याच्या दोन पद्धती आहेत.

जुनी पद्धत तालमीची. संस्थानाच्या काळात कोल्हापुरात पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं आणि कुस्तीला राजाश्रय मिळाला. हौद्यातल्या, म्हणजे आखाड्याच्या खड्ड्यातल्या, तांबड्या मातीत ताक, लिंबू, तेल, हळद, कापूर मुरवायचा, पहाटे जोर-बैठका काढायच्या, मग जोड लढवायची. कोणाला किती मेहनत आणि कोणता खुराक झेपेल, ते वस्ताद ठरवत. जिममध्ये आज ज्याला पर्सनल ट्रेनिंग म्हणून तासाचे पैसे मोजतात, ते तालमीत गुरुपौर्णिमेच्या नारळावर चालत होतं. मैदानातली कुस्ती निकाली. चितपट होईपर्यंत चालायची, नाहीतर बरोबरीत सुटायची. त्यामुळे सगळा भर दमावर.

गादीची ठेच पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये लागली. मातीत वाढलेला गोळेश्वरचा मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला अनोळखी गादीवर लढून सहावा आला. तयारी बदलून तो १९५२ ला हेलसिंकीला गेला आणि बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन परतला. यातून आपण काय शिकलो? फारसं काही नाही, असंच म्हणावं लागतं. १९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली. योगायोग असा की प्रशिक्षक घडवणारी राष्ट्रीय संस्था पतियाळात सुरू झाली तीही त्याच वर्षी. पुढे तिथली पदविका घेतलेले कोच आले आणि वस्तादांशेजारी शिट्टी आणि स्टॉपवॉच दिसू लागलं.

खरा फरक घड्याळाने केला. आंतरराष्ट्रीय गादीच्या कुस्तीत २००५ पासून काही वर्षं दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरीचा निकाल वेगळा लागायचा. २०१३ पासून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांची एकत्र बेरीज. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. सहा मिनिटांच्या लढतीला हजार बैठकांचा दम पुरतो, पण प्रतिस्पर्ध्याच्या पायात शिरण्याची चपळाई त्यातून येत नाही. मग तालमीत धावण्याचे टप्पे, दोरचढ आणि वजनं आली.

म्हणूनच अंतिम फेरी गादीवर हवी, असं आयोजकांच्या बाजूने सांगतात: आशियाई स्पर्धा, ऑलिंपिक सगळं गादीवर, मग राज्याचा विजेता तिथे टिकणाराच हवा. मुद्दा चुकीचा नाही. पण तेच खरं, तर माती विभाग ठेवायचा कशाला? मातीतल्या विजेत्याला गदेच्या दिवशी परक्या पृष्ठभागावर उतरावं लागतं, गादीवाल्याला हौद्यात कधीच नाही. एक वर्ष माती, एक वर्ष गादी असं आलटून-पालटून करायला काय हरकत आहे?

अलीकडे हा प्रश्न इतर भांडणांत बुडाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळचं फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी कुस्ती संघटनेच्या दोन गटांनी आपापली महाराष्ट्र केसरी भरवली, दोन विजेते झाले. २०२५ ला अहिल्यानगरला, पाठ टेकली की नाही यावरून पराभूत मल्लाने पंचालाच लाथ मारली आणि त्याला तीन वर्षांची बंदी झाली. दरम्यान शहरातल्या मोठ्या तालमींनी हौद्याशेजारी गादी टाकून घेतली. तिला काही लाख रुपये लागतात. गावातल्या तालमीला ते जमत नाही, त्यामुळे तिथल्या अनेक पोरांची गादीशी पहिली गाठ स्पर्धेतच पडते.