पार्श्वभूमी : मुंबईच्या माहितीपटांत माणसं स्वतः बोलू लागली ती कशी

वेसाव्यातली एखादी कोळीण बोंबील वलांडीवर कसे वाळत घालायचे ते आपल्या बोलीत सांगते आणि घरातली पोरगी ते मोबाइलवर टिपते. असे व्हिडिओ आता रोज बघायला मिळतात. आपल्या ताटाबद्दल, खेळाबद्दल, जातीपातीबद्दल माणसानं कॅमेऱ्यापुढे स्वतः बोलणं मुंबईत तसं उशिराच सुरू झालं. कॅमेरा मात्र इथे सव्वाशे वर्षांपासून आहे.

७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ती पाहिली आणि २१ गिनी मोजून लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती ठरवून त्यांनी ती चित्रित केली. फिल्म धुवायला पुन्हा विलायतेला गेली. भारतीयाने केलेला पहिला माहितीपट म्हणून या कुस्तीचं नाव घेतात. त्याच सुमारास त्यांनी माकडं खेळवणाऱ्याचंही चित्रण केलं. एवढं महागडं यंत्र हाती आल्यावर त्यांना आधी कुस्ती आणि रस्त्यावरचा खेळ सुचला, याचं मला फार अप्रूप वाटतं. अर्थात चित्रपट मुका होता. त्या मल्लांपैकी एकाची ओळख त्याच्या नावातच आहे, पण त्याला काय म्हणायचं होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही.

पुढे आवाज आला, तोही निवेदकाचा. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन हे केंद्र सरकारचं माहितीपट विभाग स्थापन झालं आणि पेडर रोडवरून देशभरच्या थिएटरांत मुख्य चित्रपटाआधी माहितीपट जाऊ लागले. लोकनृत्यं, सण, हस्तकला, आदिवासी पाडे, सगळं त्यांत असायचं. चित्रण एकच आणि निवेदन वेगवेगळ्या भाषांत. पडद्यावरचा कोळी जाळं टाकायचा आणि तो कोण, कसा जगतो, हे स्टुडिओत बसलेला माणूस सांगायचा. जागेवर आवाज मुद्रित करणं तेव्हा अवघड आणि खर्चाचं होतं. शिवाय नव्या देशाला आपली एक सुबक ओळख दाखवायची होती. तरी याच संस्थेत १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी' केला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना कॅमेऱ्यापुढे मोकळेपणी बोलू दिलं.

खरं वळण मला माहितीपटकार आनंद पटवर्धन यांच्या कामात दिसतं. १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये झोपड्या तोडल्या जाताना तिथले रहिवासीच बोलतात, आणि शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध दलित रहिवासी रस्त्यावर उतरले असताना पोलीस गोळीबारात १० जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पटवर्धन यांनी १४ वर्षं चित्रण केलं आणि 'जय भीम कॉम्रेड' तयार झाला. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात भीमगीतं आणि शाहिरी पार्श्वसंगीत म्हणून येत नाहीत, लोक त्यांतूनच आपली बाजू मांडतात. हलक्या व्हिडिओ कॅमेऱ्याशिवाय एवढी वर्षं एका विषयाच्या मागे राहणं कठीणच होतं.

२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. तोवर स्वस्त डेटा आणि यूट्यूबमुळे कॅमेरा घराघरांत पोचला होता. शिवाजी पार्कवरच्या मल्लखांबाचे व्हिडिओ आता खेळणारी मुलंच टाकतात. गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची, घरं उन्हाळ्यात बॉटल मसाला करतात. मिरच्या वाळवायच्या, एकेक जिन्नस भाजायचा, कुटायचा आणि उजेड लागू नये म्हणून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा. जिन्नसांची यादी लिहून ठेवता येते. कुठला किती भाजायचा, ते आजीच्या हाताकडे बघूनच कळतं, आणि आता तो हात व्हिडिओत दिसतो.