टॉवेल, तळहात आणि वाहते रक्त

मागच्या उन्हाळ्यात विजापूर रस्त्यावर माझ्या डोळ्यांदेखत एक दुचाकी घसरली आणि चालवणाऱ्याची पोटरी कशाने तरी खोलवर फाटली. पाच मिनिटांत वीसेक माणसे जमली. एकाने गाडीच्या डिकीतून टॉवेल काढून सबंध पायावर पसरला, पानपट्टीवाला तिकडून ‘आधी पाणी पाजा की ओ त्याला!’ म्हणून ओरडला आणि मी १०८ क्रमांक लावून हातात फोन धरून उभा राहिलो. टॉवेल हळूहळू लाल होत गेला. पण रक्त खाली ओघळताना दिसत नव्हते, त्यामुळे ते थांबले असेच सर्वांना वाटले. रुग्णवाहिका आल्यावर त्यातील डॉक्टरांनी पहिल्यांदा तो टॉवेल बाजूला केला, गॉजची जाड घडी जखमेच्या नेमक्या तोंडावर ठेवली आणि दोन्ही कोपरे ताठ ठेवून ते अंगाच्या भाराने वाकले. त्या दोन कृतींमध्ये जो फरक होता, तो दयेचा नव्हता, भौतिकशास्त्राचा होता.

मोठ्या धमनीतील रक्ताचा दाब हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला साधारण १२० मिलिमीटर पाऱ्याइतका चढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६० ग्रॅम भार. फाटलेली रक्तवाहिनी मिटायची, तर बाहेरून त्याहून अधिक दाब द्यावा लागतो. तळहाताच्या टाचेखाली, समजा, ५० चौरस सेंटिमीटरची घडी असेल तर आठ किलोंच्या आसपासचा भार पुरतो. तोच टॉवेल वीत-वीतभर पसरून ४०० चौरस सेंटिमीटरवर दाबायचा म्हटले, तर एका धडधाकट माणसाचे सगळे वजन लागेल. हे गणित ढोबळ आहे, कारण मधले मांस आणि चरबी दाब आणखी पसरवतात. पण त्यातून निघणारी गोष्ट पक्की आहे, की कापड पसरायचे नाही, त्याची मुठीएवढी घट्ट घडी करून रक्त जिथून येते तिथेच दाबायची. शिवाय आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलचा जो नावाजलेला गुण, भरपूर पाणी पिण्याचा, तोच जखमेवर फसवा ठरतो, कारण तो रक्त थांबवत नाही, नुसते लपवतो.

दाब किमान दहा मिनिटे सलग हवा. फाटलेल्या जागी आधी प्लेटलेट पेशी चिकटतात, मग फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जाऊन त्यांची गुठळी घट्ट होते आणि या विणकामाला काही मिनिटे लागतात. ‘थांबले का’ म्हणून दर अर्ध्या मिनिटाने कापड उचलून पाहणारा माणूस प्रत्येक वेळी ती कोवळी गुठळी उपटून काढत असतो. कापड भिजले तर ते न काढता वरून दुसरी घडी ठेवून आणखी जोराने दाबावे, आणि काच किंवा सळई रुतलेली असल्यास ती न उपसता तिच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. हातापायाचे रक्त एवढ्यानेही आटोक्यात येत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधून ती काडीने पिळावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. सुतळी किंवा वायर मात्र बांधू नये, कारण ती कातडी कापते आणि धमनी तशीच वाहत राहते.

जखमी बोलतो आहे म्हणजे बरा आहे, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. साठ किलोंच्या माणसाच्या अंगात जेमतेम सव्वाचार लिटर रक्त असते आणि त्यातले लिटरभर जाईपर्यंत शरीर नाडी वाढवून व त्वचेच्या वाहिन्या आवळून रक्तदाब बराचसा सावरून धरते. गार, घामेजलेले हात आणि जलद नाडी ही त्या झुंजीची खूण असते. अशा माणसाला गारठू देऊ नये, कारण शरीराचे तापमान उतरले की रक्त गोठवणारी प्रथिने मंदावतात. गाळप हंगामातल्या थंडीत, रात्री उसाच्या ट्रॉलीला धडकलेल्या दुचाकीस्वारावर चादर घालणे हा म्हणून खराखुरा उपचार आहे.

पाणी मात्र पाजू नये. शुद्ध हरपत असताना गिळण्याची क्रिया मंदावते आणि पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. शिवाय पुढे भूल द्यायची वेळ आली तर भरलेले पोट धोक्याचे ठरते. बेशुद्ध माणूस उताणा असला की सैल पडलेली जीभ मागे सरकून घसा बुजवते, त्यामुळे घरघर ऐकू आली तर जबड्याचे कोपरे दोन्ही हातांनी पुढे उचलून धरावेत. उलटी होऊ लागली, तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नये. आग किंवा वाहनांचा धोका नसेल, तर हातपाय धरून रिक्षात कोंबण्याची घाईही नको, कारण मानेचा मोडलेला मणका अशा एका हिसक्याने मज्जारज्जूला इजा करू शकतो.

पोलिसांच्या लचांडाची भीती अजूनही अनेकांना मागे खेचते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. प्रामाणिकपणे केलेल्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीच्या बिलाचीही धास्ती नको, कारण २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना आहे.

रुग्णवाहिका पोहोचली की जखमीची शुद्ध कधी हरपली, पट्टी किती वाजता बांधली आणि कोणी पाणी पाजले का, एवढे सांगावे, आणि डॉक्टरांचा हात त्या घडीवर येईपर्यंत आपला हात उचलू नये.