गिरींना देशमुखांच्या मतांनी तारलं का?

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘गिरी मागे होते, चिंतामणराव देशमुखांच्या दुसऱ्या पसंतीच्या मतांनी ते निवडून आले.’ हे आकड्यांना धरून नाही.

पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५ मतमूल्यासह (खासदार-आमदारांच्या मतांना ठरवून दिलेल्या मूल्यांची बेरीज) आघाडीवरच होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८, तर देशमुखांना १,१२,७६९. निम्म्याहून जास्तीचा कोटा कुणीच गाठला नाही, म्हणून बाद उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजावी लागली. समज पसरला तो इथूनच. प्रत्यक्षात देशमुख आणि इतर बाद उमेदवारांकडून रेड्डींना सुमारे ९२ हजारांची भर मिळाली, गिरींना जेमतेम साडेअठरा हजारांची. या भरीने गिरींचा कोटा पूर्ण झाला हे खरं, पण ८८ हजारांची आघाडी घटून १४,६५० वर आली. देशमुखांना पाठिंबा ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष आणि जनसंघ या काँग्रेसविरोधी पक्षांचा होता. त्यांची मतं इंदिरा गांधींनी पाठिंबा दिलेल्या गिरींकडे जाणार तरी कशी?

तिघांच्या वाटा मात्र विलक्षण होत्या. गिरी रेल्वे कामगारांच्या चळवळीतले, हंगामी राष्ट्रपतिपद सोडून अपक्ष उभे राहिलेले. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या या माणसाचं नाव केवळ दुसऱ्याच्या विजयाचं कारण म्हणून उरावं, हे मला फार खुपतं. आणि रेड्डी? १९७७ मध्ये ते बिनविरोध राष्ट्रपती झाले.