डायलिसिसच्या कॅनमधलं लिंबूफूल

मामांच्या डायलिसिसला सोबत म्हणून जाऊ लागल्यापासून घरच्या ग्रुपवर येणारे किडनीबद्दलचे फॉरवर्ड मी नीट वाचतो. गेल्या महिन्यात एक आला. ‘आता डॉक्टरसुद्धा डायलिसिसमध्ये लिंबाचं आम्ल वापरतात. मग रोज सकाळी दोन लिंबं पिळून प्या, मशीनची गरजच उरणार नाही.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि दुसरं जिवावर बेतणारं आहे. पण त्या पहिल्या वाक्यामागचं रसायनशास्त्र इतकं देखणं आहे, की ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

डायलिसिसच्या मशीनपाशी दोन कॅन ठेवलेले असतात, पार्ट ए आणि पार्ट बी. पार्ट बीमध्ये सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा. पार्ट एमध्ये सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, बहुधा ग्लुकोज आणि थोडंसं आम्ल. मशीन हे दोन्ही आरओच्या पाण्यात मोजून मिसळतं आणि मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर या वेगाने डायलायझर या रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून सोडतं. चार तासांत १२० लिटर पाणी रक्ताशेजारून वाहून जातं.

सगळं एकाच कॅनमध्ये का भरत नाहीत? उत्तर स्वयंपाकघरात आहे. बोअरचं जड पाणी उकळलं, की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा. पार्ट एमधलं कॅल्शियम आणि पार्ट बीमधला सोडा सरळ एकत्र केले, तर हाच थर कॅनमध्ये आणि मशीनच्या नळ्यांत बसेल. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी यावर तोड काढली. सोडाच काढून टाकायचा आणि त्याजागी ॲसिटेट घालायचं. शरीर ॲसिटेटपासून बायकार्बोनेट बनवतं, त्यामुळे हिशेब जुळत होता. पण पुढे डायलिसिस वेगवान झालं, शरीराला तेवढं ॲसिटेट पचवता येईना आणि रुग्णांचं रक्तदाब पडणं, मळमळणं वाढलं. १९८०च्या दशकात दोन द्रावणं ऐनवेळी अचूक मिसळणारी यंत्रं रुळली आणि सोडा परत आला. थर बसू नये म्हणून पार्ट एमध्ये चिमूटभर आम्ल मात्र लागतंच. ते थोडा सोडा खाऊन कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि मिश्रण फार अल्कधर्मी होऊ देत नाही. हे आम्ल वर्षानुवर्षं ॲसिटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं. त्याची जागा लिंबातल्या सायट्रिक आम्लाला, म्हणजे लिंबूफुलाला, देता येते, आणि खरी गंमत इथे सुरू होते.

रक्त शरीराबाहेर पडून प्लॅस्टिकला शिवलं, की ते गोठू पाहतं. डायलायझरमध्ये हजारो पोकळ धागे असतात, प्रत्येकाचा आतला व्यास मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. रक्त धाग्यांच्या आतून जातं, पाणी बाहेरून उलट्या दिशेने. डायलिसिस संपल्यावर तंत्रज्ञ सलाइनने रक्त परत करतो आणि डायलायझर ट्यूबलाइटसमोर धरून बघतो. धागे पांढरे दिसले तर ठीक. मधे लालसर रेघा राहिल्या असतील, तर तितके धागे बंद पडलेत. मामांच्या डायलायझरमध्ये अशा रेघा मी पाहिल्या आहेत. आपल्याकडे बऱ्याच सेंटरमध्ये एका रुग्णाचा डायलायझर धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा वापरतात. धाग्यांची आतली जागा मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली, की तो टाकून द्यायचा असतो. म्हणजे गोठलेल्या रेघेचा संबंध खिशाशीही आहे.

आता गोठणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. रक्तात गोठण्याची प्रथिनं तरंगत असतात. त्यातल्या दुसऱ्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या क्रमांकाच्या प्रथिनांच्या शेपटात यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीने एक खास बदल करतं. साध्या ग्लुटामिक आम्लाच्या कडीला आणखी एक कार्बोक्सिल गट लावला जातो, त्यामुळे तिथे शेजारीशेजारी दोन ऋण भार येतात. दोन धन भारांचं कॅल्शियम तिथे चपखल बसतं. कॅल्शियम बसलं की शेपूट वळतं, आकार घेतं आणि प्लेटलेटच्या पृष्ठभागावर रुतून बसतं. मोकळी तरंगणारी प्रथिनं अशी एका जागी जमली, की एक दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाचं जाळं विणलं जातं. कॅल्शियम नसेल तर शेपूट वळत नाही, प्रथिनं जमत नाहीत, साखळी पुढे सरकत नाही.

सायट्रिक आम्लाच्या रेणूला तीन कार्बोक्सिल गट असतात. रक्ताच्या आम्लतेला तिन्ही आपला हायड्रोजन सोडून ऋण भारित झालेले असतात. हा सायट्रेट आयन कॅल्शियमला खेकडा नांग्यांत धरतो तसा धरतो. अशा पकडीला रसायनशास्त्रात कीलेट म्हणतात, आणि तो शब्द ग्रीकमधल्या नांगीवरूनच आला आहे. नांगीत अडकलेलं कॅल्शियम रक्तातच असतं, पण गोठण्याच्या प्रथिनांना ते मिळत नाही. ही युक्ती जुनी आहे. १९१४ साली ब्रुसेल्समध्ये अल्बेर उस्टां आणि ब्युनोस आयरेसमध्ये लुइस आगोते यांनी सायट्रेट घातलेलं रक्त रुग्णांना दिलं. रक्तपेढीची पिशवी आजही त्याच रसायनावर चालते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी पीटी-आयएनआर ही तपासणी करायला फिक्या निळ्या झाकणाची नळी वापरतात, तिच्यातही सायट्रेटच.

मला सगळ्यात आवडतो तो प्रवासाचा मार्ग. डायलिसिस म्हणजे रक्तातली घाण पाण्यात जाणं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण रेणू जिथे जास्त तिथून कमीकडे जातात, दिशा त्यांना कोणी नेमून दिलेली नसते. रक्तात सायट्रेट लिटरला सुमारे ०.१ मिलिमोल, डायलिसिसच्या पाण्यात ०.८ ते १. म्हणून युरिया बाहेर येत असताना त्याच छिद्रांतून सायट्रेट आत शिरतं. आत पाऊल टाकताच ते कुठे असतं? धाग्याच्या भिंतीला लागून, म्हणजे रक्त प्लॅस्टिकला टेकतं आणि गोठायला सुरुवात होते नेमक्या त्याच जागी. औषध जिथे हवं तिथेच, भिंतीतून पाझरत येतं.

चार तासांच्या १२० लिटरमध्ये एकूण साधारण १८ ते २३ ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं, आणि त्यातलं पुष्कळसं गटारात जातं. जे आत शिरतं ते यकृतात आणि स्नायूंत पोहोचतं. तिथे १९३७ साली हान्स क्रेब्ज यांनी मांडलेलं, पेशींना ऊर्जा देणारं चक्र ते जाळून टाकतं. अडकलेलं कॅल्शियम सुटतं आणि दर सायट्रेटमागे तीन बायकार्बोनेट मिळतात. किडनीच्या रुग्णाला आम्लता कमी करायला तेच हवं असतं.

मात्र याने हेपॅरिन, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते नेहमीचं औषध, सुटलं असं समजू नये. रक्तातलं मोकळं कॅल्शियम लिटरला १.१ ते १.३ मिलिमोल असतं. गोठणं पुरतं रोखायचं तर ते ०.४च्या खाली न्यावं लागतं. आयसीयूमध्ये मशीनच्या नळीत वेगळं सायट्रेट सोडून तसं करतात आणि शरीरात वेगळं कॅल्शियम परत देतात. पार्ट एमधल्या सायट्रेटची ताकद तेवढी नाही. हेपॅरिनचा डोस कमी करता येणं, धागे जास्त मोकळे राहणं, एवढं त्याचं काम. सिएटलमध्ये सुहैल अहमद आणि सहकाऱ्यांनी २००० साली रुग्णांना व्हिनेगरच्या आम्लावरून सायट्रिकवर नेलं, तेव्हा त्याच वेळात रक्त जास्त स्वच्छ होत असल्याचं त्यांना दिसलं.

२०१८ साली फ्रान्समध्ये सायट्रेटवाल्या केंद्रांत मृत्यू जास्त दिसतात, अशी आकडेवारी एका परिषदेत मांडली गेली आणि रुग्ण हादरले. नंतरच्या विश्लेषणांत तो संबंध टिकला नाही. कुठल्या केंद्रात कसले रुग्ण येतात, हे न पाहता केंद्राकेंद्रांची तुलना केली, की आकडे फसवतात. या प्रकरणातून एक गोष्ट मात्र ठळक झाली. सायट्रेट पाण्यातलंही कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून आम्ल बदलताना पार्ट एमधलं कॅल्शियम थोडं वाढवायचं का, हे डॉक्टरांनी ठरवावं लागतं. यकृत खराब असेल तर अधिकच जपून.

आणि ते लिंबू? सायट्रेटमुळे काही प्रकारचे मुतखडे टळतात, त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट देतातही. ‘लिंबाने किडनी धुते’ ही समजूत बहुधा तिथून आली असावी. पण मुतखडा वेगळा आणि निकामी किडनी वेगळी. ज्याला दिवसाचं पाणी मोजून प्यायचं आहे, ज्याच्या रक्तात पोटॅशियम साठतं, त्याला फळांचे रस आणि सरबतं सुचवणं हा सरळ अपराध आहे. स्टारफ्रूट, म्हणजे आपल्या कोकणातलं करंबळ, डायलिसिसच्या रुग्णाने खाल्लं तर न थांबणाऱ्या उचक्या, झटके आणि मृत्यूपर्यंत पाळी येऊ शकते. आंबट फळ म्हणजे औषध, या समजुतीपायी माणसं जातात.

मामांचा पार्ट ए अजून व्हिनेगरवालाच आहे. त्यांना हेपॅरिन सोसतं, त्यामुळे घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. पलीकडच्या खाटेवरच्या आजींचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांना हेपॅरिन देता येत नाही. त्यांच्या मशीनपाशी सायट्रेटचा कॅन होता. त्या दिवशी तंत्रज्ञाने त्यांचा डायलायझर दिव्यासमोर धरला आणि मलाही दाखवला. एका कडेला दोन बारीक लाल रेघा, बाकी सगळे धागे पांढरे.