घरातला मारेकरी (भयपटांचा उपप्रकार)

स्लॅशर चित्रपटांच्या भराच्या काळात, म्हणजे साधारण १९७४ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, अमेरिका आणि कॅनडात रुजलेला भयपटांचा एक उपप्रकार. स्लॅशर म्हणजे सुरी-कुऱ्हाडीसारख्या हत्याराने एकामागून एक बळी घेणाऱ्या खुन्याचा चित्रपट. पुष्कळ स्लॅशरपटांत खुनी उन्हाळी शिबिरात, जंगलात नाहीतर आडरस्त्याला सावज गाठतो. इथे मात्र तो घरातच असतो: माळ्यावर, तळघरात, भिंतीआडच्या खोलीत, किंवा थेट जेवणाच्या टेबलाशी कुटुंबप्रमुखाच्या खुर्चीत. ही गोष्ट प्रेक्षकाला आधी कळते, घरातल्यांना उशिरा. घरातल्या एखाद्याला संशय आलाच, तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. या चित्रपटांची खरी ताकद या अविश्वासात आहे. रक्तपात त्यामानाने दुय्यम.

या कल्पनेची मुळे दोन. पहिले, १९६० चा आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’, ज्याने राक्षस दूरच्या किल्ल्यातून काढून आई आणि मुलाच्या नात्यात आणून बसवला. दुसरे, अमेरिकी तरुणांत तोंडोतोंडी फिरणारी एक दंतकथा: मुले सांभाळायला आलेल्या मुलीला रात्रभर धमकीचे फोन येतात, आणि शेवटी कळते की फोन त्याच घराच्या वरच्या मजल्यावरून येत होते.

बॉब क्लार्क दिग्दर्शित ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) हा कॅनडाचा चित्रपट या प्रकाराचा पाया मानावा लागेल. विद्यार्थिनींच्या वसतिघरात नाताळची गडबड चालू असताना एक माणूस बाहेरून चढून माळ्यात शिरतो, आणि हे सारे आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. पहिल्या मुलीचा जीव तो कपड्यांवर घालायच्या प्लास्टिकच्या पिशवीने घेतो आणि प्रेत माळ्यावर खिडकीशी, झुलत्या खुर्चीत बसवून ठेवतो. खाली तिचे वडील तिला शोधत फिरतात. पोलीस येतात, पहारा बसतो, पण माळा तपासायचे पोलिसांना सुचत नाही.

यातला फोनचा माग काढण्याचा भाग विशेष नीट पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये फोन कुठून आला हे शोधायचे तर लाइन चालू असेपर्यंत तंत्रज्ञाला खडखडणाऱ्या स्विचांच्या रांगांमधून धावत जोडणी हुडकावी लागे. म्हणून घाबरलेल्या मुलीने खुन्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचे, आणि तिकडे तंत्रज्ञ एका रांगेतून दुसरीत पळतो आहे. जोडणी सापडते ती त्याच घरातल्या दुसऱ्या फोनची. खुनी कोण, त्याने हे का केले, याचे उत्तर क्लार्क शेवटपर्यंत देत नाहीत. हा निर्णय धाडसी होता, आणि चित्रपट अजून अंगावर येतो तो त्यामुळेच.

फ्रेड वॉल्टन यांच्या ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’ (१९७९) मध्ये तीच दंतकथा जवळपास जशीच्या तशी आहे. सुरुवातीच्या वीसेक मिनिटांत मुले सांभाळणाऱ्या मुलीच्या भूमिकेतली कॅरल केन जवळजवळ एकटीच पडद्यावर आहे. ‘मुलांना पाहून आलीस का?’ एवढाच प्रश्न फोनवरून पुन्हा पुन्हा येतो. मुले वर कधीच मारली गेलेली असतात. पुढचा पोलिसी पाठलाग या सुरुवातीच्या पासंगालाही पुरत नाही.

त्याआधी जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’ने (१९७८) सव्वातीन लाख डॉलरच्या आसपासच्या खर्चात स्लॅशरची लाट उसळवली. त्याचे सुरुवातीचे दृश्यही घरातलेच: कॅमेरा खुन्याचा डोळा होऊन जिना चढतो, तरुण मुलीला भोसकतो, बाहेर येतो, आईवडील मुखवटा काढतात तेव्हा दिसतो तिचा सहा वर्षांचा सख्खा भाऊ. त्यानंतर चित्रपट शेजारपाजारच्या घरांकडे वळतो.

घराच्या रचनेतच माणूस लपवणारी एक शाखा आहे. जॅक व्हान्स यांच्या कादंबरीवरच्या ‘बॅड रोनाल्ड’ (१९७४) या दूरचित्रवाणीपटात हातून खून झालेल्या मुलाला आई न्हाणीघर भिंतीआड बंद करून त्यात दडवते. पुढे ती मरते, घर विकले जाते आणि तीन मुलींचे नवे कुटुंब राहायला येते. ‘हायडर इन द हाऊस’मध्ये (१९८९) माळ्यावर गुप्त खोली बांधून माणूस कुटुंबाचा संसार पाहत राहतो. वेस क्रेव्हन यांच्या ‘द पीपल अंडर द स्टेअर्स’ (१९९१) मध्ये घरमालकच क्रूर आहेत, आणि गोष्ट गरीब भाडेकरूंच्या बाजूने सांगितली आहे.

या सर्वांत श्रेष्ठ म्हणावा असा चित्रपट म्हणजे जोसेफ रूबेन यांचा ‘द स्टेपफादर’ (१९८७), पटकथा डोनाल्ड वेस्टलेक यांची. सुरुवातीला एक माणूस रक्त धुतो, दाढी उतरवतो, कपडे बदलतो, वाटेत पडलेले खेळणे उचलून जागेवर ठेवतो आणि आपल्याच कुटुंबाच्या प्रेतांजवळून शांतपणे घराबाहेर पडतो. वर्षभराने तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने, एका विधवेचा नवरा झालेला असतो. धंदा घरे विकण्याचा. आदर्श कुटुंब हवे हा त्याचा ध्यास. कुटुंब त्या मापात बसले नाही की तो पुढच्या गावात नवे नाव घेतो आणि जुने कुटुंब संपवतो. सावत्र मुलगी स्टेफनीला संशय येतो, पण किशोरवयीन मुलीचा हेकटपणा म्हणून सगळे तो उडवून लावतात. एकदा बोलण्याच्या ओघात दोन नावांची गल्लत होते आणि तो क्षणभर थांबून बायकोलाच विचारतो, ‘इथे मी कोण आहे?’ सावत्र बापाची भूमिका करणाऱ्या टेरी ओक्विन यांनी हा प्रश्न इतक्या साधेपणाने विचारला आहे की पुढच्या हिंसेपेक्षा तोच लक्षात राहतो.

या कथेमागे न्यू जर्सीतल्या जॉन लिस्टचे प्रकरण होते. या हिशेबनिसाने १९७१ मध्ये आई, पत्नी आणि तीन मुलांची हत्या केली आणि नाव बदलून दुसरा संसार थाटला. चित्रपट आला तेव्हा तो मोकळाच होता. १९८९ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमानंतर पकडला गेला.

समीक्षक रॉबिन वुड यांनी अमेरिकी भयपटाचे मूळ कुटुंबातच शोधले. कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या ग्रंथात शेवटी वाचणाऱ्या मुलीची, म्हणजे ‘फायनल गर्ल’ची, संकल्पना विस्ताराने मांडली. स्त्रियांच्या मरणाचा तमाशा केल्याचा आक्षेप स्लॅशरपटांवर पहिल्यापासून आहे आणि पुष्कळ चित्रपटांबाबत तो खराही आहे. ‘द स्टेपफादर’ला तो लागू होत नाही, कारण त्यात प्रेक्षकाला मुलीच्या संशयाबरोबर चालावे लागते. घटस्फोट, पुनर्विवाह आणि सावत्र नाती अमेरिकेत सर्रास झाल्याच्या काळात तो आला, हेही महत्त्वाचे.

१९९० नंतर हाच धोका भाडेकरू, दाई अशा रूपांत मोठ्या बजेटच्या थरारपटांत शिरला. हिंदीत राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन’ने (१९९९) एक घर आणि तीन पात्रे घेऊन या सूत्राची दिशाच उलटवली: बाहेरच्या खुन्याला भिणारी, ऊर्मिला मातोंडकरने साकारलेली तरुणीच खुनी निघते. मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) भुताचा असल्याने स्लॅशर नव्हे, पण उसाच्या फडातल्या घरात गरोदर बाईला आसरा देणारी माणसेच त्यात धोक्याची ठरतात, आणि मुळाशी मुलगी नको असण्याची क्रूर रीत आहे.