बोटीत पाण्याचं वजन कुठं ठेवायचं, किती ठेवायचं (बॅलास्ट बॅग घेणाऱ्यांसाठी)

नमस्कार, बॅग उघडायच्या आधी हे पान वाचून घ्या, दहा मिनिटं लागतील पण पहिल्याच दिवशी लाट नीट मिळेल.

आमचं वर्कशॉप जळगाव एमआयडीसीत आहे. आधी शेततळ्याचे कागद आणि टँकरच्या पाणीपिशव्या वेल्डिंग करायचो, त्याच मशीनवर आता वेक सर्फिंगच्या (बोटीमागं उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहायचा खेळ) बोटींसाठी बॅलास्ट बॅगा, म्हणजे बोट जड करायला पाणी भरायच्या पिशव्या, बनवतो. जळगावचं नाव केळी, पीव्हीसी पाइप आणि चटईसाठी, त्यामुळे प्लास्टिक जोडणारा चांगला कारागीर इथं सहज मिळतो. पण बॅग कितीही पक्की असली तरी ती बोटीत चुकीच्या जागी पडली तर लाट बनत नाही, आणि आम्हाला येणाऱ्या फोनपैकी निम्म्याहून जास्त फोन ह्याच गोष्टीचे असतात, "मोठी बॅग घेतली, फुल भरली, तरी लाट फेसाळच". वजन कमी पडलेलं नसतं, जागा चुकलेली असते.

आधी लाट कशी बनते ते. बोट जितकी जड तितकं ती जास्त पाणी बाजूला सारते, आणि बोट पुढं निघून गेली की सारलेलं पाणी मागं परत येऊन भिडतं, तीच तुमची लाट. डाव्या आणि उजव्या बाजूचं पाणी बोटीच्या अगदी पाठीशीच एकमेकांवर आदळलं तर नुसता फेस होतो. एका बाजूचं पाणी थोडं उशिरा पोचलं तर दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, उभी लाट मिळते. सगळा खेळ ह्या उशिराचा आहे.

आता तुमची बोट कोणती ते बघा. जुन्या बोटीला मागं सर्फ गेट (मागच्या कोपऱ्यावरची, उघडली की त्या बाजूचं पाणी उशिरा पोचवणारी फळी) नसेल तर हा उशीर वजनानं घडवावा लागतो, म्हणजे ज्या बाजूला सर्फ करायचं त्याच बाजूच्या मागच्या कोपऱ्यात जास्त वजन टाकून बोट त्या अंगावर कलती करायची. नव्या बोटींना गेट असतं, तिथं बोट कलवायची नाही, दोन्ही बाजू सारख्या भरायच्या आणि लाट पाहिजे त्याच्या उलट बाजूचं गेट उघडायचं (डावीकडे लाट हवी तर उजवं गेट). गेटवाल्या बोटीला जुन्या पद्धतीनं एकाच अंगावर वजन टाकलं की गेटचा फायदा जातो, हे बरेच जण करतात. बाजू ठरवायचा नियम सोपा आहे, डावा पाय पुढे ठेवून उभा राहणारा बोटीच्या डाव्या बाजूला, उजवा पाय पुढे ठेवणारा उजव्या बाजूला, म्हणजे तोंड लाटेकडे राहतं.

मागं-पुढं वजन किती, हा खरा प्रश्न. आपल्याकडे बैलगाडी भरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, आणि पुढं जास्त झाला तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर ओझं येतं. बोटीचं तेच. मागं वजन वाढवलं की लाट उंच आणि उभी होते पण आखूड होते, आणि आणखी वाढवलं की बोटीचं नाक आभाळाकडे जातं, ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, बोट स्पीड घेत नाही आणि लाट बसते. पुढं वजन टाकलं की लाट लांब होते, सर्फ करणाऱ्याला जागा मिळते, पण उंची थोडी जाते, आणि फारच पुढं टाकलं तर नाक खाली जाऊन पाणी आत यायला लागतं. आमचा सल्ला, सुरुवात मागं साठ-सत्तर टक्के आणि पुढं तीस-चाळीस टक्के अशी करा, मग एकावेळी एकच गोष्ट बदला. दोन बॅगा एकदम हलवल्या तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

वजनाचा हिशोब मात्र आधी कागदावर करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, समुद्राचं पाणी किंचित जड, हजार लिटरला पंचवीस किलो जास्त. समजा बिनगेटची बोट आहे, मागच्या कोपऱ्यात ३४० किलोची बॅग, त्याच बाजूला मधे १८० ची, आणि पुढं नाकात १८० ची, झाले ७०० किलो. बोटीत ड्रायव्हर धरून पाच माणसं, सत्तरच्या हिशोबानं ३५०. एकूण १०५० किलो, आणि अजून सामान, कूलर, जॅकेट धरलेलं नाही. आता बोटीवरची क्षमतेची पाटी बघा, तिच्यावर ११०० लिहिलं असेल तर तुम्ही काठावर आहात, ९०० लिहिलं असेल तर एक बॅग रिकामी ठेवा, दुसरा काही इलाज नाही. पाटी नसेल तर बनवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल काढा, अंदाजानं भरू नका. माणसंसुद्धा बॅलास्टच आहेत हे लक्षात ठेवा, दोन जण उठून पुढं जाऊन बसले की मागून १४० किलो कमी झाले आणि पुढं १४० वाढले, लाट लगेच बदलते. लाट जराशी बिघडली तर बॅग हलवायच्या आधी माणसं हलवून बघा, फुकटात काम होतं.

बॅग एकतर फुल भरा नाहीतर रिकामी ठेवा. अर्धवट भरलेल्या बॅगेतलं पाणी वळणावर सगळं एका बाजूला धावतं आणि बोट कलली असेल तिकडंच आणखी कलते, हे धोक्याचं आहे. पुढं कमी वजन हवं असेल तर मोठी बॅग अर्धी भरण्यापेक्षा छोटी बॅग घेऊन ती पूर्ण भरा, आम्ही छोट्या साइज त्यासाठीच ठेवतो. भरताना आतली हवा वरच्या व्हेंटमधून पूर्ण निघू द्या. सीटखालच्या कप्प्यात बॅग असेल तर फुगताना झाकण उचललं जात नाही ना, कुठं स्क्रूचं टोक किंवा पत्र्याची धार लागत नाही ना, ते पहिल्या वेळी हातानं चाचपून बघा. उघड्यावर ठेवलेली बॅग पट्ट्यांनी बांधाच.

पंपाबद्दल. १२ व्होल्टचा तासाला ८०० गॅलनचा पंप म्हणजे साधारण ३००० लिटर, मिनिटाला ५०. कागदावर ३४० ची बॅग सात मिनिटांत भरते, प्रत्यक्षात नऊ-दहा मिनिटं धरा कारण पाइप, एल्बो आणि उंची ह्यात फ्लो जातो, ड्रिपची लाइन टाकलेल्याला हे पाठ असतं. रबरी इम्पेलरचा पंप कोरडा चालवू नका, पाती जळतात. फ्यूज पंपावर लिहिलेल्या अँपियरचाच लावा, आणि इंजिन बंद ठेवून सगळ्या बॅगा भरत बसलात तर बॅटरी उतरून मधेच अडकाल.

एक गोष्ट आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या एका ग्राहकाला आम्ही व्हॉल्व्ह न लावता लाइन जोडून दिली होती. पंप बंद केला तरी बोट चालू झाल्यावर तळाच्या इनलेटमधून पाणी दाबानं आत येत राहिलं, बॅग तट्ट झाली आणि शिवणीजवळ फाटून सगळं पाणी बोटीच्या तळात. बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) चालू होता म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक सेटसोबत व्हॉल्व्ह देतो, बॅग भरली की तो बंद करायचाच. आणि बोटीच्या तळाच्या भोकाला शेतातला पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह लावू नका, आम्ही प्लास्टिकवाले असून सांगतोय, तिथं ब्रॉन्झचा किंवा बोटीसाठीच बनवलेलाच लागतो, तुटला तर बोट बुडते.

वजन बसलं की स्पीड. सर्फिंगला ताशी १६ ते १९ किलोमीटर लागतो, जीपीएसवर बघा. ह्याच पट्ट्यात अर्धा-पाऊण किलोमीटर कमीजास्त करून लाट बरीच सुधारते, हळू केलं की उभी आणि आखूड, वाढवलं की लांब आणि स्वच्छ. बोट उठायलाच जड जात असेल तर कमी पिचचा (एका फेऱ्यात बोट कमी पुढं ढकलणारा) प्रोपेलर, म्हणजे पंखा, लागतो. पेट्रोल जास्त जाणार, ते धरून चाला.

इथून पुढचं शब्दन् शब्द वाचा. वेक सर्फिंग फक्त इनबोर्ड बोटीमागं किंवा पुढं तोंड असलेल्या ड्राइव्हमागं करायचं, कारण तिथं पंखा बोटीच्या खाली लपलेला असतो. आउटबोर्ड किंवा नेहमीच्या स्टर्नड्राइव्हमागं पंखा बोटीच्या पाठीमागं असतो आणि सर्फ करणारा त्याच्यापासून जेमतेम आठ-दहा फुटांवर, पडला तर काय होईल ते लिहवत नाही. अशा बोटीसाठी सर्फिंगची बॅग आम्ही विकत नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही. दुसरं, इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही, रंग नाही, म्हणून बोट चालू असताना मागच्या फळीवर कुणाला बसवू नका, पोरांना तर अजिबात नाही. पाणी खोल पाहिजे, काठ आणि इतर नावा दूर पाहिजेत, जॅकेट सगळ्यांना.

धरणात बोट उतरवायची तर जलसंपदा खात्याची परवानगी घ्या. आमच्या जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर थंडीत बाहेरून पक्षी येतात आणि मच्छीमारांची जाळी असतात, तिथं एवढं पाणी ढकलणारी लाट कुणाच्याच भल्याची नाही, आम्ही स्वतः तिकडं बॅगा टेस्ट करत नाही, वर्कशॉपच्या हौदावर करतो.

ट्रेलरवर चढवायच्या आधी बॅगा रिकाम्या करा, ७०० किलो पाणी विसरून ट्रेलर ओढला तर टायर आणि ॲक्सल दोन्ही जातात. एका धरणाचं पाणी दुसऱ्या धरणात नेऊन सोडू नका, जलपर्णी आणि शिंपल्यांची पिल्लं अशीच पसरतात. घरी आणल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, तोंड उघडं ठेवून सावलीत वाळवा, गुंडाळी सैल करा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात गच्चीवर टाकलेली बॅग एका सीझनमध्ये कडक होते, आणि गोडाऊनमध्ये उंदरांपासून लांब टांगा. छोटं भोक पडलं तर सोबत दिलेला तुकडा आणि सोल्युशन वापरा, जागा कोरडी आणि स्वच्छ करून, चोवीस तास पाणी भरू नका. शिवण उसवली असेल तर घरी चिकटवू नका, बॅग पाठवून द्या, वेल्डिंग आम्ही करून देऊ.

पुढची बॅग मागवताना तीन गोष्टी कळवा, बोटीचं मॉडेल, पाटीवरचा आकडा, आणि कप्प्याची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये. कप्प्याचा मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर उत्तमच, टेप शेजारी धरून काढा.